फिकट पिवळा जिल्हा

मी त्या कार्यालयात रुजू झाले तेव्हा सगळ्यांनी मला एकच सल्ला दिला. रकानेबाईंसमोर बसायचं असेल तर फॉर्ममधला एकही रकाना रिकामा सोडू नकोस. बाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण तोंडात कुणाच्याच नव्हतं. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना रकानेबाई म्हणायचे, आणि त्याही त्या नावाला सरळ 'ओ' द्यायच्या.

आमचं काम मरणाचं. सबंध देशातले मृत्यूचे दाखले जिल्ह्याजिल्ह्याने गठ्ठे बांधून आमच्या तिसऱ्या मजल्यावर यायचे. दाखल्यावर कारणासाठी तीन ओळी असतात. पहिलीत शेवटी काय झालं, दुसरीत ते कशामुळे झालं आणि तिसरीत मूळ दुखणं काय होतं, ते डॉक्टरने लिहायचं. त्या मूळ दुखण्याला आम्ही एक अक्षर आणि काही आकडे लावायचो. कोड लागला की माणूस देशाच्या तक्त्यात जाऊन बसायचा आणि आम्ही पुढचा कागद घ्यायचो. रकानेबाई दिवसाला तीनशे कागद करायच्या. मी पहिल्या आठवड्यात सत्तर केले आणि माझी मान धरली.

बाई उंच होत्या, हाडापेराने मोठ्या, आणि चालताना जराही आवाज करायच्या नाहीत. मागे कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळायचंच नाही. त्यांच्या टेबलावर एक तांब्या आणि दोन पेले असायचे. एकातलं पाणी त्या पीत. दुसरा भरून टेबलाच्या पलीकडच्या कडेला, रिकाम्या खुर्चीसमोर ठेवलेला असायचा. एकदा दुपारी मला उचकी लागली म्हणून मी तो पेला उचलून तोंडाला लावला.

"ते पाणी तुझं नाही," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. पण माझी उचकी तिथल्या तिथे थांबली.

"चुकलं, बाई. कुणाचं आहे?"

बाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला. पेला विसळला, पुन्हा भरला आणि जिथल्या तिथे ठेवला. मी त्या दिवशी ठरवलं की या बाईच्या वाटेला जायचं नाही. ते काही जमलं नाही.

दर पाच वर्षांनी कार्यालयातून नकाशे निघतात, एकेका आजाराचा एकेक. ज्या जिल्ह्यात त्या आजाराने जास्त माणसं जातात तो गडद तांबडा आणि जिथे कमी जातात तो फिकट पिवळा. माझ्या दुसऱ्या वर्षी मधुमेहाचा नकाशा तयार झाला आणि संचालकसाहेबांनी तो भिंतीवर लावला. समुद्रालगतचे जिल्हे तांबडेलाल होते. मोठ्या शहरांभोवती तर शाई सांडल्यासारखी दिसत होती. डोंगरापलीकडे मात्र दगडखाणींचा एक जिल्हा होता, तो इतका फिकट की कागदच कोरा राहिलाय असं वाटावं.

"बघा, याला म्हणतात कष्टाची माणसं," साहेब म्हणाले. "दिवसभर घण घालतात. अंगावर चरबीचा पत्ता नाही. शुगर होणार कशी? रिटायर झालो की तिथेच जाऊन राहतो. सकाळ-संध्याकाळ गोड खातो आणि शंभरी गाठतो."

सगळे हसले. मीही हसले. रकानेबाई उठल्या आणि खोलीबाहेर निघून गेल्या. बऱ्याच वेळाने मी बघायला गेले, तर जिन्याच्या खिडकीशी उभ्या होत्या. दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरले होते.

"बाई, बरं वाटत नाहीये का?"

"तो जिल्हा माझा आहे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते जसंच्या तसं सांगते.

बाईंचं माहेर त्या जिल्ह्यातल्या खाणीच्या गावात. वडील खाणीत होते. बाई शिकून राजधानीत आल्या, थोरली बहीण तिथेच राहिली, तिथेच तिचं लग्न झालं. ती खडीच्या यंत्रावर दगड निवडायला जायची. सात वर्षांपूर्वी बाई तिला भेटायला गेल्या, तेव्हा ताई ओळखू येईना. गालाची हाडं वर आलेली, कपडे अंगावर टांगल्यासारखे. बोलता बोलता सारखी उठून पाणी प्यायची. पायाच्या अंगठ्याला फडकं बांधलं होतं. दगडाची कपची लागलीय, म्हणाली, होईल बरं. बाईंनी जबरदस्तीने फडकं सोडलं, तर अंगठा काळा पडलेला आणि ताईला त्याची जाणीवच नव्हती. बाईंनी बोट दाबून पाहिलं. ताई हसत होती.

"मी तिला म्हटलं, चल माझ्याबरोबर, आत्ताच्या आत्ता. तर म्हणाली, पोरीची परीक्षा आहे, महिनाभराने येते. पाणी दे गं जरा, म्हणाली. मी पाणी दिलं आणि बस चुकेल म्हणून निघाले."

महिना उलटायच्या आत ताई गेली. आणि त्यानंतर दोन महिन्यांनी, एका मंगळवारी दुपारी, त्या जिल्ह्याचा गठ्ठा बाईंच्या टेबलावर आला. वरून एकोणिसावा कागद ताईचा होता. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, हृदयक्रिया बंद पडली. दुसरीत, जखम चिघळून जंतुसंसर्ग. तिसरी ओळ रिकामी.

"आपला नियम तुला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "कागदावर नाही ते आपल्याला माहीत नाही. कोड लावणाऱ्याने आपल्या मनाचं काही घालायचं नाही. कागद परत पाठवावा, तर तिथून कधी उत्तर येत नाही, तोही वर्षानुवर्षांचा अनुभव. आणि शेजारच्या टेबलावर द्यायचा, तर कारण सांगावं लागलं असतं. मी जंतुसंसर्गाचा कोड लावला. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. मग विसावा कागद घेतला."

"बाई, तुमचा काय दोष त्यात?"

"त्या दिवसापासून त्या जिल्ह्याचा गठ्ठा सोडला की मला ऐकू येतं. पाणी दे गं जरा. आधी एकटीचाच आवाज होता. आता पुष्कळ असतात."

ऑफिसची वेळ होती, जिन्यावरून माणसं ये-जा करत होती, खाली रस्त्यावर कुणीतरी मोटारीचा भोंगा वाजवत होतं. तरीही माझ्या अंगावर काटा आला.

चार-सहा महिन्यांनी वरून एक पत्र आलं. डोंगरापलीकडच्या जिल्ह्यात मधुमेहाने इतकी कमी माणसं का मरतात याचा अभ्यास करायचा होता. त्यांचं पाणी, खाणं, राहणी, सगळं बघायचं आणि देशाला त्यातून काही शिकता येईल का ते लिहायचं. रकानेबाई सरळ संचालकांच्या केबिनमध्ये गेल्या. मला फाइल धरायला म्हणून बरोबर घेतलं होतं.

"साहेब, तिथेही माणसं त्याच आजाराने मरतात. फक्त दुसऱ्याच नावाने."

"बाई, आकडे आपणच काढलेत. तुम्हीच कोड लावलेत."

"म्हणून तर मला ठाऊक आहे."

साहेब बराच वेळ पेनाच्या टोपणाशी खेळत राहिले. माणूस वाईट नव्हता, फक्त भिंतीवरचा नकाशा त्यांना फार आवडायचा. शेवटी म्हणाले, "जा. तीन आठवडे देतो. हिला घेऊन जा बरोबर. पण येताना पुरावा आणा, भावना नकोत."

डोंगर ओलांडायला बसला पाच तास लागले. उताराला लागलो तशी धूळ सुरू झाली. झाडांवर धूळ, छपरांवर धूळ, खाणीतून सुटलेल्या माणसांच्या पापण्यांवरसुद्धा. गावाचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी. डॉक्टर साठीचे होते. एकवीस वर्षं तिथेच काढली होती आणि बदलीचा अर्ज करायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. त्यांनी दाखल्यांच्या स्थळप्रती, म्हणजे दवाखान्यात राहिलेल्या नकला, काढून दिल्या. आम्ही पडवीत बसून वाचायला लागलो. हृदयक्रिया बंद. हृदयक्रिया बंद. ताप. वार्धक्य, आणि वय लिहिलंय बेचाळीस. जखम चिघळून. हृदयक्रिया बंद.

"डॉक्टर, हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं," बाई म्हणाल्या.

"पडतं ना. म्हणूनच लिहितो. कुणी खोटं म्हणू शकत नाही."

"साखर तपासता?"

डॉक्टरांनी खण उघडला. आत साखर मोजायचं छोटं मशीन होतं, डबीसकट. पट्ट्यांची मुदत चार वर्षांपूर्वीच संपली होती. "मागणी दरवर्षी पाठवतो," ते म्हणाले. "उत्तर येतं की तुमच्या जिल्ह्यात या आजाराचं प्रमाण नगण्य आहे, प्राधान्य देता येत नाही. प्रयोगशाळा डोंगराच्या त्या अंगाला. इथला माणूस एक खाडा करून तिकडे जात नाही. आणि तपासल्याशिवाय मी मधुमेह लिहायचा कसा?"

मी बाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पिवळ्या रंगामुळे पट्ट्या येत नव्हत्या आणि पट्ट्या नव्हत्या म्हणून रंग पिवळा राहत होता. तो रंग आमच्याच टेबलावर तयार झाला होता.

बाईंनी गठ्ठ्यातला एक कागद काढून डॉक्टरांपुढे ठेवला. "ही माझी बहीण. तुम्हाला काही वाटलं नव्हतं हिला बघून?"

डॉक्टरांनी चष्मा लावून कागद वाचला आणि मग चष्मा काढला.

"वाटलं होतं," ते म्हणाले. "वाटण्याला रकाना नाही, बाई."

मला वाटलं आता बाई काहीतरी बोलतील, ओरडतील. त्या फक्त म्हणाल्या, "माहीत आहे. कोड मीच लावलाय."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही घरोघर फिरायला लागलो. गेल्या तीन वर्षांत ज्या घरात कुणी गेलं होतं, त्या घरी जायचं आणि विचारायचं. खूप पाणी प्यायचे का? सारखं लघवीला उठायचे का? लघवी केली तिथे मुंग्या लागायच्या का? बारीक झाले होते का? जखम भरत नव्हती का? नजर गेली होती का? पहिल्या दिवशी मला संकोच वाटत होता, लोक काय म्हणतील. पण लोक वाट बघत असल्यासारखे बोलायचे. "मुंग्या? अहो, रांग लागायची," एक म्हातारा म्हणाला. "आम्ही तर थट्टा करायचो भावाची, की तुझ्या पोटात गुळाची ढेप आहे म्हणून." सगळे हसले, तोही हसला, आणि हसता हसताच त्याने तोंड फिरवून घेतलं.

तिथे या दुखण्याला स्वतःचं नाव होतं. सुकणी. "त्याला सुकणी लागली", "ती सुकून गेली". सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त ते नाव आमच्या कोडाच्या पुस्तकात नव्हतं. खडीच्या यंत्रामागच्या एका गल्लीत आम्ही गेलो, तर दर दोन दारांआड कुबड्या टेकून ठेवलेल्या. पाय कापलेली माणसं उंबऱ्यावर बसून आमच्याकडे बघत होती. एका बाईने नवऱ्याचे कामाचे बूट अजून ठेवले होते. टोकांवर लघवीच्या थेंबांचे पांढरे डाग वाळून घट्ट झाले होते. "कितीदा घासले, जात नाहीत," ती म्हणाली. "साखरेच्या पाकासारखे चिकट असायचे." बाईंनी तो बूट हातात घेतला आणि कितीतरी वेळ खाली ठेवलाच नाही.

त्या दिवसांत मी बाईंना एकटं सोडायची नाही. त्या चालता चालता थांबायच्या, मान वळवायच्या आणि मागे कुणीच नसायचं. एकदा भर उन्हात त्या मला म्हणाल्या, "तुला खरंच नाही ऐकू येत?" मी नाही म्हटलं. खरं सांगायचं तर त्या गल्लीनंतर मला माझ्या 'नाही'ची खात्री वाटत नव्हती.

बहिणीचं घर बाईंनी शेवटपर्यंत टाळलं. अठराव्या दिवशी म्हणाल्या, "चल, आता तिथे जाऊन येऊ." भावोजी दुसरीकडे कामाला गेले होते. घरी भाची एकटीच होती, सव्वीस वर्षांची. मावशीला बघून तिने गळ्यात हातच टाकले. "मावशी, सात वर्षांनी आठवण झाली होय? आणि ही कोण, तुझी सून शोधून आणलीस की काय? आधी मुलगा तरी शोधायचास!" बाईंचं लग्नच झालं नव्हतं, त्यामुळे ती थट्टा घरात जुनी असावी. त्यांना मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

भाची बडबडी होती. खाणीच्या कचेरीत टंकलेखन करते, साहेब कसा कंजूष आहे, पंखा कसा फक्त त्याच्याकडेच फिरतो, असं काहीबाही सांगत होती. मी हसत ऐकत होते. मग माझ्या लक्षात आलं की बाई आता हसत नाहीयेत. त्या भाचीच्या हाताकडे बघत होत्या. तिने तांब्यातून पाणी ओतलं, प्यायली, बोलली, पुन्हा ओतलं. तांब्या संपला. बोलणं न तोडता उठली आणि भरून आणला. तिच्या मनगटावरचं घड्याळ पट्ट्याच्या शेवटच्या भोकात असूनही कोपराकडे घसरत होतं.

"तू बारीक झालीस," बाई म्हणाल्या.

"अगं, सगळ्या म्हणतात काय करतेस सांग, आम्हालाही व्हायचंय!"

बाईंनी पिशवीतून मशीन काढलं. आम्ही राजधानीतून नव्या पट्ट्या आणल्या होत्या. "बोट दे."

"मावशी, मला काय झालंय?"

"बोट दे म्हटलं ना."

सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला. मशीनने थोडा वेळ घेतला आणि आकडा दाखवायच्या जागी फक्त दोन अक्षरं दाखवली. साखर मशीनच्या मापापलीकडे गेली की ते तसं दाखवतं. भाचीने वाकून पाहिलं आणि हसली. "बिघडलं तुझं मशीन!" ती वाकली तेव्हा तिच्या श्वासाला पिकल्या फळासारखा वास आला. बाईंनाही आला असणार, आणि साखर जिवावर उठली की असा वास येतो हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत सात वर्षांपूर्वीची ती चुकवायची नसलेली बस मला दिसली.

"माझ्याबरोबर चल. आत्ताच्या आत्ता."

"आज कसं शक्य आहे? उद्या महिन्याचे कागद जायचेत..."

"उठ!" बाई इतक्या मोठ्याने ओरडल्या की शेजारचे दार उघडून बाहेर आले.

बस संध्याकाळशिवाय नव्हती. मी धावत यंत्रापाशी गेले आणि खडी भरलेला एक ट्रक रस्त्यात आडवी उभी राहून थांबवला. ड्रायव्हर आधी शिव्या देणार होता. मी म्हटलं, सुकणी. त्याने दार उघडलं. आम्ही तिघी पुढे दाटीवाटीने बसलो. घाट चढताना भाचीचं बोलणं हळूहळू मंदावलं, मग बंद झालं. तिचं डोकं बाईंच्या खांद्यावर होतं. बाई तिच्या ओठांना पाण्याचं बोट लावत होत्या आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "ताई, नाही सोडत हिला. नाही सोडत." ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

पलीकडच्या रुग्णालयात दिवस मावळायच्या आत पोचलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. भाची तिसऱ्या दिवशी उठून बसली आणि पहिला प्रश्न तिने विचारला तो कचेरीच्या कागदांबद्दल. आता दिवसातून दोनदा सुई टोचून घ्यावी लागणार, हे कळल्यावर मात्र ती भिंतीकडे तोंड करून रडली. बाई शेजारी बसून राहिल्या. समजूत अशी काही घातली नाही.

आमच्या अहवालात दोनशे बारा घरं होती. त्यांपैकी एकशे चारमध्ये लक्षणं तंतोतंत जुळत होती. साहेबांनी तो अहवाल दोनदा वाचला, स्वतः भिंतीवरचा नकाशा उतरवला आणि गुंडाळी करून कपाटामागे ठेवला. पुढच्या नकाशात तो जिल्हा पिवळा नव्हता. त्यावर तिरप्या रेघा मारल्या होत्या आणि खाली बारीक अक्षरात 'माहिती अपुरी' असं छापलं होतं. खाणीच्या दवाखान्यात पट्ट्या आल्या, औषध ठेवायला शीतकपाट आलं. डॉक्टर तिसरी ओळ भरायला लागले. त्यानंतरच्या नकाशात जिल्हा सगळ्या देशात सर्वांत गडद तांबडा निघाला.

तेव्हा तिकडचा एक पुढारी दहा-बारा माणसं घेऊन आमच्या मजल्यावर आला. टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "आमच्या जिल्ह्याला बदनाम केलंत तुम्ही! काल आम्ही सगळ्यात धडधाकट होतो, आज सगळ्यात आजारी?"

रकानेबाई शांतपणे म्हणाल्या, "बसा. तुमच्या घरात कुणाचा पाय?"

"म्हणजे काय?" तो गुरकावला. पण बाई बघतच राहिल्या. त्याने आपल्या माणसांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "आईचा," तो म्हणाला. "डावा." त्यानंतर तो फार वेळ थांबला नाही.

बाईंनी मुदतीच्या चार वर्षं आधी नोकरी सोडली आणि भाचीजवळ राहायला गेल्या. दवाखान्याच्या पडवीत बसून त्या येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय तपासतात. नव्या माणसाला तिथे पाय दाखवायला लाज वाटते, म्हणून आधी चपलेवरून त्याची टर उडवतात, असं भाचीने कळवलं होतं. मी एकदा भेटून आले. तब्येत उतरली होती, चालताना मात्र अजूनही पाऊल वाजत नव्हतं. तिथे राहून बरं वाटतं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "इथे निदान कोण हाक मारतंय ते बघता येतं."

आता त्यांच्या टेबलावर मी बसते. गेल्या महिन्यात टपालातून त्यांचा एक अर्ज आला. बहिणीच्या मृत्यूचं कारण दुरुस्त करावं, अशी विनंती होती. असा अर्ज त्यांनी आधीही एकदा केला होता, आणि तपासणीचा पुरावा नसल्याने तो फेटाळला गेला होता. या वेळी डॉक्टरांचं सहीचं पत्र जोडलं आहे. 'त्या वेळी मला मधुमेहाचा संशय होता, मी तो लिहिला नाही.' नियमाप्रमाणे ते पत्र पुरावा ठरत नाही. संशयावर कोड बदलता येत नाही, हे मला त्यांनीच शिकवलंय.

अर्ज फेटाळायचा तर सही माझी लागेल. मी तो खणात ठेवला आहे. रोज सकाळी खण उघडते, वाचते आणि पुन्हा लावून टाकते. काल साहेबांनी विचारलं, त्या अर्जाचं काय झालं? मी म्हटलं, बघतेय. ते गेले आणि मी डोंगरापलीकडच्या जिल्ह्याचा नवा गठ्ठा सोडला आणि कान देऊन बसले.